आपण सिम्युलेशनमध्ये जगतोय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न क्रमाने वाचायलाच हवेत असं नाही. फक्त तिसरा वगळू नका, बाकीचे बरेचसे त्याच्यावर उभे आहेत.

या कल्पनेत नेमकं म्हटलंय काय?

पृथ्वी, तारे, आपलं शरीर, आपल्या आठवणी हे सगळं कुणीतरी कुठल्यातरी अवाढव्य संगणकावर चालवलेला प्रोग्रॅम असू शकतं, आणि आपणही त्या प्रोग्रॅमचाच भाग असू शकतो, असं.

यातला शेवटचा तुकडा लोक विसरतात. १९९९ च्या 'द मेट्रिक्स'मुळे डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय: खरी शरीरं बाहेर कुठेतरी नळ्या लावून पडली आहेत आणि मनाला खोटं जग दाखवलं जातंय. इथे तसं काही नाही. बाहेर तुमचं शरीर वाट बघत पडलेलं नाही. तुम्ही जे काही आहात ते आतच आहात, मनासकट.

ही कल्पना इलॉन मस्कची ना?

नाही. जून २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत मस्क म्हणाले की आपण मूळ, अस्सल जगात असण्याची शक्यता अब्जांत एक आहे, आणि ते वाक्य जगभर फिरलं. त्यांचा आधार व्हिडिओ गेम होता: चाळीस वर्षांपूर्वी 'पाँग'मध्ये दोन काठ्या आणि एक ठिपका होता, आज हुबेहूब वाटणारी जगं आहेत, मग पुढे काय होईल ते बघा.

मूळ कल्पना बरीच जुनी. जर्मन अभियंता कोनराड त्सुझं यांनी १९४१ मध्ये 'झेड ३' हा प्रोग्रॅम करता येणारा संगणक चालवून दाखवला होता. त्यांनीच १९६९ मध्ये मांडलं की अख्खं विश्व हेच एक गणनयंत्र असू शकेल. पुढे अमेरिकेत एडवर्ड फ्रेडकिन यांनी तोच धागा धरला. पण या दोघांचं म्हणणं 'विश्व मुळात गणनेसारखं चालतं' एवढंच होतं. ते कुणीतरी बाहेर बसून चालवतंय, ही भर नंतरची. आज ज्यावर वाद झडतात तो युक्तिवाद निक बोस्ट्रॉम या स्वीडिश तत्त्वज्ञाचा. ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांनी २००३ मध्ये एक छोटासा शोधनिबंध लिहिला. तेरा पानांचा.

बोस्ट्रॉम यांचा युक्तिवाद काय आहे?

समजा आपल्यासारख्या संस्कृती टिकल्या, वाढल्या, आणि त्यांच्या हाती आज कल्पनाही करता येणार नाही एवढी संगणकशक्ती आली. अशा संस्कृतीला आपल्या पूर्वजांचा इतिहास सिम्युलेट करून बघावासा वाटेल, जसे आपण इतिहासावर मालिका काढतो तसे. फरक एवढाच की या सिम्युलेशनमधल्या पात्रांना स्वतःची जाणीव असेल. आणि एकदा ते जमलं की एकच कशाला चालवतील? हजारो, लाखो चालवतील.

मग हिशेब असा होतो: खरे पूर्वज एकदाच जगून गेले, सिम्युलेट केलेले मात्र कोट्यवधी पटींनी जास्त. दोघांनाही आतून सगळं सारखंच दिसतं. तुम्ही त्यांतले कोण, हे ओळखायची काही खूण नाही. मग तुम्ही खऱ्यांपैकी असाल यावर पैज लावणं शहाणपणाचं नाही.

यातून बोस्ट्रॉम तीन विधानं पुढे ठेवतात आणि म्हणतात, यांपैकी निदान एक खरं असलंच पाहिजे. पहिलं, आपल्यासारख्या जवळजवळ सगळ्या संस्कृती त्या पायरीला पोचण्याआधीच संपतात. दुसरं, पोचतात, पण पूर्वजांची सिम्युलेशनं चालवण्याच्या फंदात जवळजवळ कुणीच पडत नाही. तिसरं, आपण जवळपास नक्कीच सिम्युलेशनमध्ये आहोत.

म्हणजे त्यांनी सिद्धच केलं की!

नाही केलं. त्यांनी तीन दारं दाखवली. वर्तमानपत्रांनी पहिली दोन बंद करून तिसऱ्यावर पाटी लावली. त्याच निबंधात ते म्हणतात की आपल्या आजच्या अज्ञानात तिन्ही विधानांवर साधारण सारखाच विश्वास ठेवणं योग्य. मला स्वतःला पहिलं दार फार अस्वस्थ करतं, आणि त्याच्याबद्दल गप्पांच्या फडात कुणी अवाक्षर काढत नाही.

आणि तिन्ही दारांच्या अलीकडे एक उंबरठा आहे, जो बोस्ट्रॉम उघडपणे 'गृहीत धरतोय' म्हणून सांगतात: जाणीव मेंदूच्या पेशींतच निर्माण होते असं नाही, योग्य रचनेची गणना सिलिकॉनवर केली तरी होते. हे गृहीतक पडलं तर पुढचं सगळं पडतं. त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

एवढी संगणकशक्ती आणणार कुठून?

बोस्ट्रॉम यांचा अंदाज असा: एका मेंदूचं काम सेकंदाला १ वर १४ ते १७ शून्यं इतक्या क्रियांचं. आजवर झालेली सुमारे १०,००० कोटी माणसं, प्रत्येकी सरासरी ५० वर्षं. सगळ्या मानवी मनांचा इतिहास मिळून १ वर ३३ ते ३६ शून्यं एवढ्या क्रिया. ग्रहाएवढ्या वस्तुमानाचा संगणक बांधला तर तो सेकंदाला १ वर ४२ शून्यं एवढ्या क्रिया करू शकेल. म्हणजे एका सेकंदापुरती त्याची दहा लाखांश ताकद दिली की आदिमानवापासून आजपर्यंतचा मामला आटोपला.

आता आजचं यंत्र घेऊ. अमेरिकेतला 'एल कॅपिटन' नोव्हेंबर २०२४ मध्ये जगातला सर्वांत वेगवान महासंगणक ठरला. वेग सेकंदाला १ वर १८ शून्यं, त्याच्या सुमारे १.७४ पट क्रियांचा. बोस्ट्रॉम यांचा खालचा आकडा धरला तर या यंत्राला सुमारे १.८ कोटी वर्षं लागतील. वरचा धरला तर सुमारे १,८०० कोटी, आणि विश्वाचं आजचं वय आहे सुमारे १,३८० कोटी. शिवाय हा हिशेब फक्त मनांचा. डोंगर, समुद्र, पाऊस यांचा खर्च वेगळा, तो 'लागेल तसा' करायचा असं बोस्ट्रॉम म्हणतात.

आज आपण खरोखर काय काय सिम्युलेट करतो?

लांब जायला नको, पुण्यातच बघा. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 'अर्का' नावाचा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला १ वर १५ शून्यं इतक्या क्रिया). तिथे मान्सून 'चालवला' जातो. पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकायची, प्रत्येक चौकटीत तापमान, वारा, दाब, बाष्प यांचा एकेक आकडा ठेवायचा, आणि भौतिकशास्त्राची समीकरणं वापरून पुढच्या काही मिनिटांनी ते आकडे किती होतील हे काढत राहायचं. पूर्वी एक चौकट सुमारे १२ किलोमीटरची होती. मे २०२५ मध्ये आलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये ती ६ किलोमीटरवर आली.

खरी गंमत चौकटीच्या आत आहे. वळवाचा एखादा ढग किलोमीटर-दोन किलोमीटरचा. तो ६ किलोमीटरच्या चौकटीत मावतो, पण यंत्राला दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ सूत्रं बसवतात: चौकटीत इतकं बाष्प, इतकी उष्णता असेल तर सरासरीने ढगांमुळे इतका परिणाम. ढग स्वतः तिथे नसतोच, त्याच्या नावाने एक आकडा असतो. 'अमुक भागात मुसळधार' म्हटलं आणि शेजारच्या पेठेत ठणठणीत कोरडं राहिलं, याची बरीचशी कारणं इथे सापडतात. चौकट निम्मी केली की आडव्या पातळीवर चौकटी चौपट होतात, वर काळाची पावलंही लहान टाकावी लागतात, त्यामुळे खर्च साधारण आठ पटींनी वाढतो. सिम्युलेशन करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याचा अर्धा जन्म कुठला तपशील गाळायचा हे ठरवण्यात जातो.

विश्वाचंही तेच. २००५ मधलं युरोपातलं 'मिलेनियम सिम्युलेशन' १,००० कोटींहून जास्त कणांचं होतं. त्यातला एक कण म्हणजे सुमारे शंभर कोटी सूर्यांचं वस्तुमान. अशा विश्वात कुणी राहत असेल ही भीती नको.

मेंदूकडे वळलो तर अवस्था आणखी नम्र व्हावी अशी. सी. एलेगन्स नावाचा मिलीमीटरभर लांबीचा सूत्रकृमी आहे, त्याच्या नेहमीच्या प्रकारात चेतापेशी मोजून ३०२. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. तरी त्या किड्याचं जगणं संगणकात पूर्ण उतरवणं अजून जमलेलं नाही. फळमाशीच्या मेंदूचा नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये आला: १,३९,२५५ पेशी आणि पाच कोटींच्या आसपास जोडण्या. २०१३ मध्ये जपानच्या 'के' संगणकावर १७३ कोटी पेशींचं ढोबळ जाळं चालवलं गेलं. एका सेकंदाच्या हालचालीला ८२,९४४ प्रोसेसर मिळून ४० मिनिटं लागली. माणसाच्या मेंदूत पेशी सुमारे ८,६०० कोटी.

आज जमत नाही म्हणून कधीच जमणार नाही, असं यातून निघत नाही. पण मस्क यांच्या 'पाँग'पासूनच्या आलेखात पडद्यावरची चित्रं सुधारली, पात्रांच्या आत काही सुरू झालं नाही. सुंदर दिसणारं पात्र आणि स्वतःला जाणवणारं पात्र या दोन वेगळ्या शर्यती आहेत, आणि दुसरी सुरू झाली आहे का हेच ठाऊक नाही.

सिम्युलेशनमधल्या माणसाला खरंच काही 'जाणवेल' का?

हाच तो उंबरठा. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्येच आक्षेप घेतला होता: वादळाचं सिम्युलेशन केल्याने कुणी भिजत नाही, मग समजुतीचं सिम्युलेशन केल्याने समजूत कशी येईल? पाषाणच्या यंत्रातला मान्सून कितीही अचूक असो, खोलीतली फरशी कोरडीच राहते.

दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ डेव्हिड चॅमर्स उभे आहेत. त्यांचा प्रसिद्ध विचारप्रयोग असा: मेंदूतली एक पेशी काढून तिच्या जागी तेच काम करणारी चिप बसवा. मग दुसरी. असं करत सगळ्या बदला. तुमचं वागणं, बोलणं, 'दुखतंय' म्हणणं काहीच बदललेलं नाही. मग जाणीव नेमकी कितव्या पेशीला गेली? हळूहळू विझत गेली म्हणावं, तर तुम्हाला ते कळलंही नाही हे विचित्र. म्हणून ती टिकली असंच म्हणावं लागतं.

चॅमर्स यांचा विचारप्रयोग मला पटण्याजोगा वाटतो, पण तो 'तेच काम करणारी चिप' या चार शब्दांत सगळं आधीच मिळवून बसतो. पेशीचं काम म्हणजे फक्त विद्युतसंदेश देणं, की तिच्यातलं रसायन, तिचं जगणं-मरणंही त्यात आलं? याचं उत्तर कुणाकडे नाही. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नाही त्याच्यावर 'अब्जांत एक' असा आकडा बेतायचा, हे मला धाडसाचं वाटतं.

आपण बघतो तेवढंच जग 'लोड' होत असेल तर? क्वांटम भौतिकशास्त्र हेच सांगतं ना?

व्हॉट्सअ‍ॅपवर हा मुद्दा सर्वांत जास्त फिरतो. म्हणे, दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन बघितला की कणासारखा वागतो, नाही बघितला की लाटेसारखा. गेममध्येही खेळाडू बघत नसेल तो भाग संगणक काढत नाही. जुळलं!

दोन ठिकाणी चुकतं. एक, 'बघणं' म्हणजे माणसाचं बघणं नव्हे. भिंतीवरच्या उपकरणाने, हवेतल्या एखाद्या रेणूनेही इलेक्ट्रॉनच्या वाटेची नोंद ठेवली तरी लाटेची खूण पुसते, प्रयोगशाळेला कुलूप असलं तरी.

दुसरी चूक मोठी आहे, कारण ती हिशेब उलटा लावते. न बघितलेली क्वांटम अवस्था स्वस्त नसते, भयंकर महाग असते. दोन-दोन पर्याय असलेले ३०० कण एकमेकांत गुंतले तर त्यांची अवस्था लिहायला २ चा ३०० वा घात इतके आकडे लागतात, म्हणजे साधारण २ वर ९० शून्यं. दिसणाऱ्या अख्ख्या विश्वात अणू आहेत १ वर ८० शून्यांच्या घरात. म्हणजे काटकसरी प्रोग्रॅमर जिथे काम वाचवेल, नेमकं तिथे निसर्ग सढळ हाताने उधळतो. बघितल्यावर उलट हिशेब सोपा होतो. खर्च वाचवायला कुणी जग लिहिलं असेल तर त्याने क्वांटम नियम निवडले नसते.

प्रयोगाने तपासता येईल का?

एक गंभीर प्रयत्न झाला आहे. सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज हे अणुकेंद्राच्या आतली बलं महासंगणकावर सोडवणारे लोक. त्या कामात अवकाशाची बारीक घनाकृती जाळी धरावी लागते. २०१२ मध्ये त्यांनी विचारलं, आपल्यालाही कुणी अशाच जाळीवर चालवत असेल तर जाळीच्या खुणा कुठे दिसतील? उत्तर: सर्वाधिक ऊर्जेच्या वैश्विक किरणांत, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या अतिवेगवान कणांत. जाळी असेल तर असे किरण सगळ्या दिशांनी सारखे वागणार नाहीत, जाळीच्या अक्षांचा त्यांच्यावर परिणाम दिसेल.

हे किरण म्हणजे काय चीज आहे ते एका उदाहरणावरून कळेल. १९९१ मध्ये अमेरिकेत युटाच्या वाळवंटात असा एक कण टिपला गेला. ताशी ९० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत असते तेवढी ऊर्जा त्या एकट्या अतिसूक्ष्म कणात होती. असे कण फार विरळा मिळतात. जमा झालेल्या नोंदींत घनाकृती जाळीची खूण म्हणावी असं काही आढळलेलं नाही.

दुसरी वाट प्रकाशाची. १० मे २००९ रोजी अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीने सुमारे ७३० कोटी प्रकाशवर्षं दूरचा गॅमा किरणांचा स्फोट टिपला. अवकाश अतिसूक्ष्म पातळीवर खडबडीत असेल तर जास्त ऊर्जेचा प्रकाश प्रवासात मागे पडेल, असं काही सिद्धांत सांगत होते. ७३० कोटी वर्षांच्या प्रवासानंतर ३१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या प्रचंड ऊर्जेचा प्रकाशकण बाकीच्यांच्या सोबतच, स्फोट टिपल्यापासून सेकंदाच्या आत हजर झाला. खडबडीतपणाची ती सोपी कल्पना तिथे मागे पडली.

यातून सिम्युलेशन नाही असं मात्र सिद्ध होत नाही. जाळी याहून बारीक असेल, किंवा जाळीच नसेल, असं म्हणायला वाट उरतेच. ती नेहमीच उरते, हीच अडचण आहे.

'सिम्युलेशन अशक्य असल्याचं सिद्ध' अशी बातमी वाचली होती.

दर दोन-चार वर्षांनी येते. २०१७ ची बातमी झोहर रिंगेल आणि दिमित्री कोव्ह्रिझिन यांच्या शोधनिबंधाची होती. काही क्वांटम घटना नेहमीच्या संगणकावर एका विशिष्ट पद्धतीने सोडवताना अडचण का येते, हा त्यांचा विषय. सिम्युलेशनचा अर्थ बातमीदारांनी काढला. २०२५ मध्ये मीर फैझल, लॉरेन्स क्राउस आणि सहकाऱ्यांनी ग्योडेलच्या प्रमेयाचा (गणितातली काही खरी विधानं ठरलेल्या नियमांनी सिद्धच करता येत नाहीत, असं ते सांगतं) आधार घेऊन मांडलं की विश्व निव्वळ गणनेने चालूच शकत नाही, म्हणून सिम्युलेशनही नाही. ग्योडेलवरून भौतिक विश्वावर उडी मारणं किती कायदेशीर, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

अशा प्रत्येक आक्षेपाला ठरलेलं उत्तर मिळतं: हे आपल्या विश्वाचे नियम झाले, बाहेरच्या विश्वात वेगळे असतील, तिथे अफाट ताकदीचे संगणक असतील. इथे जरा थांबा. बाहेरच्या नियमांबद्दल काहीच माहीत नसेल, तर 'अशी सिम्युलेशनं भरपूर असतील' हे कशावरून ठरवलं? आपल्या संगणकांच्या प्रगतीवरून, आपल्या भौतिकशास्त्राच्या मर्यादांवरून. युक्तिवाद उभा करताना आपलं भौतिकशास्त्र प्रमाण मानायचं आणि तपासणी आली की तेच झटकून टाकायचं, हे बसलेली फांदी तोडण्यासारखं आहे. समर्थकांना मी विचारतो तो प्रश्न हाच, आणि समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.

भौतिकशास्त्राच्या समीकरणांत 'कॉम्प्युटर कोड' सापडला म्हणतात, ते?

जेम्स गेट्स या भौतिकशास्त्रज्ञाला अतिसममितीच्या (प्रत्येक मूलभूत कणाला एक जोडीदार कण असतो असं मानणाऱ्या सिद्धांताच्या) समीकरणांत चुका दुरुस्त करणारी संकेतरचना आढळली, हे खरं. डेटा पाठवताना आपण वापरतो त्याच जातीची. पण ती एक गणिती रचना आहे, आणि गणितातल्या रचना भलत्या ठिकाणी उगवतात. शिवाय अतिसममिती निसर्गात आहे याचाच प्रायोगिक पुरावा अजून नाही. गेट्स यांनी स्वतः सिम्युलेशनला किती गुण दिले ते पुढे येईल.

हे तर आपल्या पूर्वजांनी 'माया' म्हणून आधीच सांगितलंय, नाही का?

साम्य दिसतं, नाकारायचं कारण नाही. योगवासिष्ठातली लवण राजाची कथा घ्या. दरबारात एक ऐंद्रजालिक येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो. समोर एक घोडा दिसतो, राजा स्तब्ध होतो. त्या अवस्थेत तो रानात भरकटतो, चांडाळाच्या मुलीशी लग्न करतो, मुलं होतात, म्हातारा होतो, दुष्काळ पडतो, अग्नीत उडी घ्यायची वेळ येते, आणि तो जागा होतो. दरबारात दोन मुहूर्त, म्हणजे जेमतेम दीड तास गेलेला. कथा इथे संपत नाही. राजा विंध्याकडे त्या प्रदेशाच्या शोधात जातो, तर तिथे ती वस्ती, ती माणसं खरोखर सापडतात. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी हात जोडावेत अशी कलाटणी आहे.

पण कथेवरून तत्त्वज्ञानाकडे गेलात की गाडी वेगळ्या रुळावर जाते. बौद्ध विज्ञानवाद्यांशी (बाहेरची वस्तू नाही, फक्त जाणीव आहे असं मानणाऱ्यांशी) वाद घालताना ब्रह्मसूत्रांत एक सूत्र येतं: 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्'. जागेपणीचा अनुभव स्वप्नासारखा नाही, कारण दोघांचे गुणधर्म वेगळे. शंकराचार्य त्यावर भाष्य करताना सांगतात की स्वप्न जाग आल्यावर बाधित होतं, म्हणजे खोटं ठरतं, जागेपणी दिसलेला खांब कुठल्याही अवस्थेत तसा बाधित होत नाही. 'शंकराचार्य म्हणतात जग स्वप्न आहे' असं उठसूट सांगणाऱ्यांनी हे भाष्य बघावं. जग व्यवहाराच्या पातळीवर पुरतं खरं आहे. परमार्थाच्या पातळीवर नाही म्हटलंय ते ब्रह्माच्या तुलनेत.

आणि दिशाच उलटी आहे. सिम्युलेशनवाद्याच्या मते तळाशी यंत्र आहे, यंत्रावर गणना चालते आणि गणनेतून जाणीव निपजते. अद्वैताच्या मते तळाशी चैतन्य आहे आणि जड त्याच्यावर भासतं. सिम्युलेशनमधून बाहेर पडलात तर तुम्ही दुसऱ्या जगात जाल, तिथेही जागा असेल, काळ असेल, बहुधा वीजबिलही. अद्वैतात जायला दुसरं जगच नाही.

ज्ञानेश्वर तर आणखी पुढे जातात. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात ते अज्ञान नावाची वस्तूच खोडून काढतात. अज्ञानच नाही तर अज्ञानाने पसरलेला खोटा देखावा तरी कुठला? चांगदेव पासष्टीत सोन्याचा दृष्टांत आहे: सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनेपण तसूभर कमी होत नाही, तसं परमात्म्याने स्वतःतलं काही न खर्चता जग होणं. जग हा चैतन्याचा विलास आहे, कुणी लपून दाखवलेली फसवणूक नव्हे. 'हे सगळं खोटं' हे सूत्र ज्ञानदेवांच्या नावावर खपवण्यात अर्थ नाही.

सिम्युलेशन असेल तर जग खोटं ठरतं का?

चॅमर्स म्हणतात, नाही. २०२२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडलंय की टेबल अणूंचं बनलंय हे कळल्यावर टेबल खोटं ठरलं नाही. अणू बिट्सचे बनलेत असं उद्या कळलं, तरी टेबल टेबलच राहील, फक्त ते कशाचं आहे याची एक पायरी खाली कळेल. मला हे पटतं. दाढ दुखते तेव्हा ती बिट्सची आहे म्हणून कमी दुखेल असं वाटत नाही.

शक्यता किती टक्के?

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात यावर जाहीर वाद झाला, तेव्हा मान्यवरांना हाच प्रश्न विचारला. चॅमर्स ४२ टक्के म्हणाले, भौतिकशास्त्रज्ञांपैकी मॅक्स टेगमार्क १७, गेट्स १, आणि लिसा रँडल यांनी 'जवळजवळ शून्य' म्हटलं. ४२ हा आकडा कुठून आला असेल हे विज्ञानकथा वाचणाऱ्यांनी ओळखलं असेलच: डग्लस अ‍ॅडम्सच्या विनोदी कादंबरीत विश्वाच्या सगळ्या कोड्याचं उत्तर ४२ निघतं. २०२० मध्ये खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड किपिंग यांनी संभाव्यतेचं गणित जास्त काटेकोर मांडलं, तर उत्तर पन्नासच्या किंचित खाली आलं. ते गणित पुराव्याचं नाही, पुरावा नसताना कसं तोलावं याचं आहे. शून्य ते अब्जांत अब्ज-उणे-एक इतका पल्ला ज्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे, तिथे टक्केवारी ही मताची तीव्रता समजावी.

चालवणारा म्हणजे देवच का?

ताकदीने असेल, स्वभावाने कशाला? तो पीएच.डी.चा विद्यार्थीही असू शकतो. आणि त्याला कुणी बनवलं हा प्रश्न राहतोच.

देजा वू (हे आधी घडून गेलंय असं अचानक वाटणं) म्हणजे प्रोग्रॅममधला 'ग्लिच', बिघाड?

नाही. स्मरणाच्या यंत्रणेत क्षणभर होणारी गफलत म्हणून त्याचा अभ्यास झालेला आहे. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून अपस्मार सुरू होणाऱ्या काही रुग्णांना झटक्याआधी तो येतो. विश्वात बिघाड झाला तर तो नेमका आपल्याच स्मरणात कशाला दिसेल?

मला खरंच सगळं खोटं, काचेपलीकडचं वाटतं.

ही वेगळी गोष्ट आहे आणि तत्त्वज्ञानाने तिला उत्तर देऊ नये. आजूबाजूचं जग पडद्यावरच्यासारखं, परकं वाटणं हा डॉक्टरांना चांगला परिचित अनुभव आहे. तीव्र ताण, जागरण, घबराटीचे झटके, गांजासारखी नशा यांनी तो येऊ शकतो. अशा वेळी रात्री दोन वाजता सिम्युलेशनचे व्हिडिओ बघत बसलात तर तो वाढतो. टिकून राहिला तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

सिम्युलेशन असेल तर वागायचं कसं?

अर्थतज्ज्ञ रॉबिन हॅन्सन यांनी २००१ मध्येच सल्ला दिला होता: मनोरंजक व्हा, प्रसिद्ध माणसांच्या आसपास राहा, म्हणजे चालवणाऱ्याला तुमच्यात रस वाटत राहील. अर्धं गमतीत, अर्धं खरं. मला यात रिॲलिटी शोच्या स्पर्धकाचं तत्त्वज्ञान दिसतं. शेजारच्याला लागलं तर त्याला दुखतं, हे गृहीतक दोन्ही प्रकारच्या जगांत तेवढंच मजबूत आहे.

आणि कुणी बंद केलं तर?

तत्त्वज्ञ प्रेस्टन ग्रीन यांनी २०२० मध्ये गांभीर्याने सुचवलं की सिम्युलेशन शोधायचे प्रयोग करूच नयेत. त्यांचा मुद्दा असा: सिम्युलेशन काहीतरी अभ्यासण्यासाठी चालवलं असेल आणि आतल्यांना त्याचा पत्ता लागला, तर अभ्यास बिघडतो, आणि बिघडलेला प्रयोग लोक बंद करतात. औषधांच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी कुठली हे कळलं की निकालावर भरवसा राहत नाही, तसं.

युक्तिवाद सुबक आहे, पण तो दुसऱ्या बाजूनेही तितकाच चालतो. चालवणाऱ्याला नेमकं हेच बघायचं असेल की आतल्या लोकांना कधी कळतं, तर शोध न घेणारं जग त्याला कंटाळवाणं वाटून तो तेच आधी बंद करील. चालवणाऱ्याच्या मनात काय आहे हे माहीत नसताना दोन्ही भीतींचं वजन सारखंच. बीन आणि मंडळींनी सुचवलेली तपासणी चालू राहायला माझी हरकत नाही. त्या वैश्विक किरणांच्या नोंदी तशाही दुसऱ्या शंभर कारणांसाठी हव्याच आहेत.